पाव्हण्यांचा मेंढा

मी आज जो काही आहे तो तात्यांमुळे. तात्या म्हणजे माझे थोरले चुलते. माण तालुक्यातल्या आमच्या वाडीतली माणसं दिवाळी झाली की मेंढरं घेऊन पश्चिमेला, उसाच्या मुलखाकडं निघतात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परत येतात. माझ्या बरोबरीची पोरं एकेक करून त्यांच्यासोबत गेली आणि त्यांची शाळा वाटेतच सुटली. मला तात्यांनी म्हसवडला वसतिगृहात ठेवलं. वडील म्हणाले होते, "एक माणूस कमी पडंल." तात्या म्हणाले, "त्याच्या वाटची मेंढरं मी राखीन." सात वर्षं त्यांनी ती राखली. आमच्या घरात पदवीपर्यंत गेलेला मी पहिलाच, आणि हे वाक्य लिहिताना मला अजूनही जरा अवघडल्यासारखं होतं.

तात्यांना अक्षरओळख नाही. तरी दर पंधरवड्याला पत्र लिहायचं असं त्यांनी मला बजावलं होतं. पत्र जायचं ते इस्लामपूरच्या बाजूला एका किराणा दुकानाच्या पत्त्यावर, कारण त्यांचा तळ दरवर्षी त्याच भागात फिरत असे. पत्र आलं की ते एकाकडून वाचून घ्यायचे, घडी घालून बंडीच्या खिशात ठेवायचे, आणि दोन-चार दिवसांनी दुसऱ्या गावात दुसऱ्याच कुणाच्या तरी हातात द्यायचे. दोघांनी एकच वाचलं तर ते खरं. एकदा त्या दुकानदारानं माझे गणिताचे मार्क वाढवून वाचले, म्हाताऱ्याला बरं वाटावं म्हणून. पुढच्या गावातल्या ग्रामसेवकानं होते तेवढेच वाचले. तात्यांनी त्या दुकानातनं पत्रं घेणं चालू ठेवलं, पण तंबाखू घेणं बंद केलं.

त्यांचा संशय असा होता. आरडाओरडा नाही, भांडण नाही. नुसतं बघत राहायचं. बाजारातनं नवं मेंढरू आणलं तर ते कळपात कधीच लगेच सोडत नसत. लांब बाभळीखाली बांधायचं, वेगळं पाणी, वेगळा चारा, आणि पंधरा दिवस रोज सकाळी त्याचं तोंड उघडून, खूर उचलून बघायचं. विकणारा कितीही शपथेवर सांगो. "त्यो सांगतोय ते त्येला ठावं हाय तेवढंच," असं ते म्हणायचे.

शिकून मी सांगलीत एका छोट्या कंपनीत लागलो. झेरॉक्सच्या दुकानावरच्या दोन खोल्या, पाच माणसं, आणि ज्यांना आम्ही सर म्हणतो ते मालक. आम्ही मोबाईलची अ‍ॅप्स करतो. दोन वर्षांपूर्वी मेंढपाळांच्या एका संस्थेचं काम आलं आणि सरांनी ते माझ्याकडं दिलं. "तुझीच माणसं आहेत, तुला कळेल काय लागतं ते." अ‍ॅप साधं होतं. लसीची तारीख आवाजात सांगायची, डॉक्टर कुठल्या गावात येणार ते दाखवायचं, आणि आजारी मेंढराचा फोटो डॉक्टरांना पाठवता यायचा. जवळचा डॉक्टर दाखवायचा म्हणजे फोन कुठं आहे ते अ‍ॅपला कळावं लागतं. इथंच सगळी अडचण होती.

कारण आमच्याकडं तळ कुठं आहे हे परक्याला सांगत नाहीत. चोर पिकअप गाडी घेऊन येतात आणि दहा-वीस मेंढरं उचलून नेतात, अशा गोष्टी प्रत्येक तळाला ठाऊक आहेत. रस्त्यात कुणी विचारलं, "उद्या कुठं बसणार रं?" तर उत्तर नेहमी उलट्या दिशेचं मिळतं. तात्यांनी अ‍ॅप असलेला फोन हातात घेऊन मला एकच गोष्ट विचारली.

"तळ कुठं हाय ते ह्येच्यातनं भाइर कळणार न्हाई न्हवं?"

"न्हाई तात्या. मी लिवलंय ते."

"तू लिवलंयस म्हंजी झालं."

मग ते स्वतः तळातळावर गेले आणि दहा-बारा जणांच्या फोनमध्ये ते घालायला लावलं. माझ्या शब्दावर नाही, त्यांच्या शब्दावर लोकांनी ते घेतलं.

आता खरं तर "मी लिहिलंय" हे अर्धंच खरं होतं. आमच्या धंद्यात सगळं स्वतः कुणीच लिहीत नाही. नकाशा दाखवायचा असेल, आवाज वाजवायचा असेल, तर ज्यानं ते आधी करून ठेवलंय त्याचा तयार कोड आणून आपल्या अ‍ॅपला जोडायचा. त्याला लायब्ररी म्हणतात. लिहिणारा कुठल्या देशात बसलाय, त्यानं आत काय काय ठेवलंय, हे बहुतेक जण बघत नाहीत. मी बघायचो. नवी लायब्ररी मी आधी एका वेगळ्या रिकाम्या अ‍ॅपमध्ये घालायचो, जुन्या फोनवर चालवायचो आणि ती काय करते, कुठं बोलते, यावर पंधरा दिवस नजर ठेवायचो. ऑफिसात त्याची थट्टा व्हायची. माझ्या शेजारी बसणारी मुलगी सांगलीचीच, फटकळ. तिला एकदा मी बाभळीची गोष्ट सांगून बसलो. तेव्हापासून सरांनी काम कुठवर आलं विचारलं की ती म्हणायची, "सर, लायब्ररी अजून झाडाखाली आहे. त्यानं खूर बघितले, तोंड राहिलंय."

मागच्या हिवाळ्यात तात्यांचा फोन आला. तळ वाळवा तालुक्यात होता.

"आरं, तुझं अ‍ॅप माझा नेटचा पॅक खातंय."

"कशावरनं, तात्या?"

"दुपारी मेंढरं बसली की मी कुस्त्या बघतुय. रोज दोन कुस्त्या हुत्यात. आता एक हुती न हुती तवर पॅक सपतुय. पोरांचं बी तसंच. ज्येच्या फोनात तुझं न्हाई त्येचा पॅक सांजपातुर पुरतुय."

त्यांनी फोन शेजारी शेजारी ठेवून मोजलं होतं. मग म्हणाले, "काल एक पिकअप आलती. मेंढरं इकायची काय म्हनला. आमी त्या रानात सकाळीच शिरलो हुतो. त्येला कसं कळलं?"

मी म्हणालो, व्यापारी फिरतातच. तात्या म्हणाले, "व्हय, फिरत्यात की." आणि फोन ठेवला. त्यांच्या आवाजात आरोप नव्हता. नवं मेंढरू बघताना त्यांचा आवाज जसा असतो तसा होता. त्या आवाजानं मला फार भीती वाटली.

माझा पहिला संशय नकाशाच्या लायब्ररीवर. ती परदेशी होती, मोठी होती, आणि ती माझ्या शेजारणीनं निवडली होती. मी घालू नको म्हणालो होतो, सरांनी तिचं ऐकलं होतं. त्या दिवशी तिच्या पाठीकडं बघताना माझ्या मनात काय काय आलं ते लिहायची लाज वाटते. ती शहरातली, तिला तळ म्हणजे काय, पिकअप म्हणजे काय, कसं कळणार? मी सरांकडं जाऊन सांगितलं की चोर सापडलाय. दोन दिवस घालवून नकाशा काढला, त्याजागी गावांची साधी यादी ठेवली. मग फोन ऑफिसच्या वायफायला लावून, अ‍ॅप बंद करून, तो कुठं कुठं बोलतो ते लॅपटॉपवर बघत बसलो. दर काही मिनिटांनी एक ओळ उमटत होती, म्हणजे फोन परस्पर कुठंतरी काहीतरी पाठवत होता. आधी उमटत होती तशीच.

ती खुर्ची सरकवून माझ्या पडद्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, "माझी तर काढलीस. तुझ्या स्वतःच्या काढून बघितल्यास का?"

"माझ्या सगळ्या पंधरा दिवस तपासलेल्या आहेत."

"सगळ्या?"

मी यादी काढली. नऊ लायब्रऱ्या होत्या. आठांपुढं तपासल्याची खूण होती. नववीपुढं खूण नव्हती, कारण तिथं खूण करायची असते हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. फोटो लहान करणारी लायब्ररी. ती लिहिली होती वसतिगृहातल्या माझ्या एका सिनिअरनं. तो जत तालुक्यातला, आमच्यासारख्याच घरातला. मी आठवीत असताना त्याची जुनी पुस्तकं मला मिळायची, आणि कॉम्प्युटर पहिल्यांदा त्यानंच मला चालू करून दाखवला. आता तो पुण्यात मोठ्या ठिकाणी होता. चार महिन्यांपूर्वी त्यानं लायब्ररी पाठवली तेव्हा मी त्याच दिवशी जोडली आणि त्याला सांगितलं, "जोडली, दादा." ती तपासायची म्हणजे त्याच्यावर संशय घ्यायचा. तसं करायची हिंमत मला झाली नसती, आणि खरं सांगायचं तर गरजही वाटली नाही.

ती काढली. ओळ उमटायची थांबली.

तेव्हा मला तो मेंढा आठवला. मी सहावीत असेन. काकूच्या माहेराहून एक तगडा मेंढा भेट आला होता. बाजारातलं प्रत्येक मेंढरू पंधरा दिवस बाभळीखाली बांधणाऱ्या तात्यांनी तो मेंढा थेट कळपात सोडला. पाव्हण्यांनी दिलेलं जनावर लांब बांधलं तर पाव्हणे काय म्हणतील? आठ-दहा दिवसांत मेंढरांच्या तोंडाला फोड आले आणि त्या वर्षीची निम्मी कोकरं गेली. पुढं काकूच्या भावानं आणखी एक जनावर आणलं, तेव्हा तात्यांनी त्यांच्या देखत ते बाभळीला नेऊन बांधलं. पाव्हणे चहा न घेता उठले आणि दोन वर्षं आमच्या दारात आले नाहीत. काकूही बरेच दिवस तात्यांशी धड बोलली नाही. हे सगळं मी डोळ्यांनी पाहिलं होतं.

सिनिअरला फोन केला. तो हसला. "गड्या, माझ्या कोडात तसलं काही न्हाई. मी कशाला कुणाचा पत्ता पाठवू?" मी त्याला उमटलेल्या ओळी वाचून दाखवल्या. बराच वेळ कळफलकाचा आवाज येत राहिला. मग म्हणाला, "आरं हां. किती जण वापरतात ते मोजायला मी एक तयार तुकडा आत घातलेला. त्यो करतोय हे. अ‍ॅपला ठिकाण बघायची परवानगी असली की त्यो बी बघतोय आणि पाठवतोय. कुठं जातंय म्हाईत न्हाई. जाहिरातवालं कुणीतरी असंल." आणि मग, "तू बघून घ्यायला पाहिजे होतंस रं."

तो खोटं बोलत नव्हता, असं मला वाटतं. वाटतं एवढंच. पूर्वी मी असं म्हणालो नसतो.

सरांना सांगितलं तेव्हा त्यांनी डोळे मिटून घेतले. मग म्हणाले, "काढलंस ना? नवीन आवृत्ती आजच सोडू. विषय संपला. संस्थेला मी माझ्या पद्धतीनं कळवतो. तू गावात कुणाला काही बोलू नकोस. त्यांना लायब्ररी म्हणजे काय ते कळणार आहे का? उगीच त्या पिकअपशी सांगड घालतील." त्यांचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं. पिकअप आणि आमचं अ‍ॅप यांचा संबंध मला आजही सिद्ध करता येत नाही. नाकारताही येत नाही. नवीन आवृत्ती त्याच दुपारी गेली. पण ज्या फोनांचा पॅक संपलेला असतो त्यांत ती पोचत नाही, आणि पॅक तर आम्हीच संपवत होतो.

तात्यांना फोनवर सांगता आलं असतं. त्यांनी ऐकून "बरं" म्हटलं असतं आणि ते आमच्या दोघांतच राहिलं असतं. ते सोपं पडलं असतं म्हणूनच मला नको वाटलं. लोकांनी अ‍ॅप तात्यांच्या शब्दावर घेतलं होतं, आणि तो शब्द मी खोटा पाडला होता. कितीतरी वर्षांनी मी कागद घेतला. पत्र दोघं वाचणार आणि त्यांच्याकडून ते सगळ्या तळांवर जाणार, हे मला ठाऊक होतं. त्या किराणा दुकानाच्या पत्त्यावर ते स्पीड पोस्टानं टाकलं. ते असं होतं:

"तात्या,

हे पत्र नेहमीसारखं दोघांकडून वाचून घ्या. वाचणाऱ्यांनी मेहरबानी करून काही गाळू नये, आणि माझी बाजू सावरून घेऊ नये.

तुमचा हिशोब बरोबर होता. पॅक अ‍ॅपच खात होतं. तुम्ही विचारलं होतं की तळ कुठं आहे ते बाहेर कळणार नाही ना, आणि मी नाही म्हणालो होतो. ते कळत होतं. चार महिने फोन जिथं जाईल ते ठिकाण कुठल्यातरी लांबच्या कंपनीकडं जात होतं. ती कोण, आणि तिनं ते पुढं कुणाला दिलं, हे मला शोधता आलेलं नाही. पिकअपचा त्याच्याशी संबंध आहे की नाही, हे मला माहीत नाही. नाही असं मी सांगणार नाही.

मी ते मुद्दाम केलं नाही. एका ओळखीच्या माणसानं दिलेला कोड मी न तपासता आत घेतला. तो आपल्यातला होता म्हणून. काकूच्या माहेरचा मेंढा तुम्हाला आठवत असेल. तो डोळ्यांनी बघूनही मी तेच केलं, म्हणून चूक माझीच आहे, त्याची नाही. तुमची तर मुळीच नाही. ज्यांनी तुमच्या सांगण्यावरून अ‍ॅप घेतलं त्यांना हे पत्र वाचून दाखवा आणि हे माझ्या नावावर सांगा.

मी येईपर्यंत सगळ्यांनी अ‍ॅप फोनमधनं काढून टाकावं. काढता येत नसेल तर फोन बंद ठेवावा. रविवारी मी येतो. एकेकाचा फोन मी त्याच्या समोर बसून बघीन, आणि ज्याला अ‍ॅप परत नको असेल त्याला घ्या म्हणणार नाही. डॉक्टरांच्या तारखा मी कागदावर लिहून आणतोय.

तळ कुठं आहे ते मला फोनवर सांगू नका. मी सकाळी दहापासून इस्लामपूरच्या स्टँडवर थांबतो. कुणाला तरी न्यायला पाठवा."