धूमकेतूतला मिथेन आणि आईची नजर

काटेवाडीच्या आमच्या घरी मी धूमकेतूचं निरीक्षण केलं ते सकाळी साडेदहाला, बाहेर ऊन चांगलं तापलेलं असताना. दुर्बीण पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूला, एका बेटावरच्या डोंगरावर होती. तिथं नुकती रात्र पडली होती. वडिलांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं म्हणून मी पुण्याहून आले होते आणि दुर्बिणीवर मिळालेली वेळ काही पुढं ढकलता येत नाही. मग मधल्या खोलीत लॅपटॉप मांडला आणि तिथूनच डोंगरावरच्या तंत्रज्ञाशी जोडली गेले.

धूमकेतू कशाचे बनलेत ते शोधणं हे माझं काम. धूमकेतू सूर्याजवळ आला की त्याच्यातला बर्फ वायू होऊन उडतो, आणि प्रत्येक वायू अवरक्त प्रकाशात, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या तांबड्यापलीकडच्या प्रकाशात, आपापल्या ठरलेल्या जागी चमकतो. आलेखावर तिथं शिखर उमटतं. हे आईला कधी समजावून सांगावं लागलं नाही. निवृत्त होईपर्यंत ती बारामतीच्या एका डेअरीत दूध तपासायची. दुधातलं फॅट आणि भेसळीचा युरिया तिथलं यंत्रही अवरक्त प्रकाशानंच ओळखायचं.

वडिलांचा नाश्ता उरकून ती माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसली. धूमकेतू तिकडं पश्चिमेला खाली होता, दोन तासांत मावळणार होता. पहिल्याच आलेखात पाण्याची शिखरं आली, सरळ, टोकदार. मला बसवेना. हा बर्फ आपल्या पृथ्वीपेक्षाही जुना आहे, असं मी आईला सांगितलं. तिनं विचारलं, बाकी पदार्थ किती टक्के आहेत. म्हटलं, तेच तर काढायचंय.

मग मिथेन. इथं अडचण अशी, की आपल्या हवेतही मिथेन असतो आणि तो नेमका तोच प्रकाश अडवतो. धूमकेतू वेगानं आपल्याकडे येत असेल किंवा आपल्यापासून लांब जात असेल, तर त्याचं शिखर किंचित सरकतं आणि हवेच्या सावलीतून बाहेर डोकावतं. कुठं डोकावेल त्या जागा मी आधीच रेघा मारून ठेवल्या होत्या. तिथं काहीच नव्हतं. दुसऱ्या आलेखात नाही, तिसऱ्यातही नाही. पुढच्या मोजणीकडे वळू का, असं तो तंत्रज्ञ विचारू लागला. दुर्बिणीसाठीचा माझा सगळा अर्ज या मिथेनवरच उभा होता.

आईनं पडद्याजवळ बोट नेलं. “हे इकडं काय हाय?”

माझ्या रेघेच्या दुसऱ्या अंगाला बारीकसा उंचवटा होता. म्हटलं, “काही नाही गं, यंत्राची खरखर आहे.”

“तिन्ही आलेखांत एकाच जागी? खरखर असती तर जागा बदलली असती. आमच्याकडं असं दिसलं की नमुना परत लावायचो आमी.”

मी एकदम ताठ बसले. अर्ज केला तेव्हा धूमकेतू आपल्याकडे येत होता. आता तो सूर्याला वळसा घालून लांब चालला होता, आणि रेघा मात्र मी जुन्याच ठेवल्या होत्या. शिखर डावीकडं शोधत होते, ते उजवीकडं असायला हवं होतं. धूमकेतूचा त्या दिवसाचा वेग घालून रेघा पुन्हा मारल्या. पहिली रेघ बरोबर त्या उंचवट्यावर पडली, दुसरी शेजारच्या तसल्याच उंचवट्यावर.

तंत्रज्ञाला सांगितलं, इथंच थांब, धूमकेतू मावळेपर्यंत हेच घेत राहू. बोलताना माझा आवाज इतका चढला, की वडिलांनी पलंगावरून विचारलं, काय झालं.

“सापडला,” आई म्हणाली.

दर चार मिनिटांनी नवा आलेख यायचा. मी तो आधीच्यांत मिळवायची आणि शिखर आणखी वर यायचं. त्याच पट्ट्यात इथेन आला, मिथेनॉल आला. प्रत्येकाच्या वेळी मी आईचा दंड धरत होते. तिनं तो सोडवून घेतला नाही.

धूमकेतू डोंगराआड गेल्यावरही आमची सुटका नव्हती. आपल्या हवेचा परिणाम वजा करायला एका ओळखीच्या ताऱ्याचा आलेख लागतो. तो एकदा घेऊन मी उठणार, तेवढ्यात आई म्हणाली, एक न्हाय, दोन घे. घेतले. दोन्ही हुबेहूब जुळले. त्या दिवशी वडिलांना जेवायला अडीच वाजले, आणि ताट वाढतानाही आई मला विचारत होती, मिथेनॉल पाण्याच्या मानानं किती निघाला.