स्पीकरवरचा तळहात

येरमाळ्याच्या स्टँडसमोर दुकान असलेले रेडिओ मेकॅनिक मामा काहीही वाजवून बघताना स्पीकरवर तळहात ठेवून डोळे मिटायचे. मला ती ऐट वाटायची.

एका हॉटेलातल्या, नाणं टाकून गाणी वाजवायच्या जुन्या ज्यूकबॉक्सचा अँप्लिफायर त्यांनी माझ्या लॅपटॉपला जोडून दिला. गाण्यामागं घरघर होती.

"लई गोड वाजतंय," मामा म्हणाले.

घरघर येतेय असं मी दोनदा सांगितलं, तरी ते नुसते हसले. गिऱ्हाइकांदेखत मी ओरडलो, "मामा, घरघर ऐकू येत न्हाय का तुम्हाला?"

त्यांनी स्पीकरवरचा हात हळूच काढून घेतला. "बारीक आवाज न्हाय येत आता. हाताला कळतंय तेवढ्यावर चालवतो."

तेव्हापासून लोक त्यांच्याकडं फक्त मिक्सर आणि पंखे नेतात. माझ्या अँप्लिफायरची घरघर तशीच आहे. ती दुसऱ्या कुणाकडून काढून घ्यायला मन होत नाही.