हिला पूर्ण मुसलमान कर

"हिला एकतर हिंदू कर, नाहीतर मग पूर्ण मुसलमान कर. असं अर्धवट नको."

सर हे माझ्या आईबद्दल बोलत होते.

त्यांच्या लेखी ते एक पात्र होतं. कोल्हापूरच्या शाहूपुरीतल्या हॉटेलचा थंडगार हॉल, टेबलावर माझा एपिसोड, भोवती आम्ही सहा जण. ज्यांच्या घरात आजवर कुणी मालिका लिहिली नाही अशा पोरापोरींना एका चॅनेलनं निवडलं होतं, आणि शिकवायला सर नेमले होते. नुसते लेखक नाही, शोरनर करतो म्हणाले. शोरनर म्हणजे मालिकेचा कारभारी. गोष्ट कुठं जाणार, कोण काय बोलणार, यावर शेवटचा शब्द त्याचा. पहिल्या दिवशी त्यांनी पुष्कळ काही सांगितलं. मी एवढंच ऐकलं. शेवटचा शब्द.

आम्ही मणेर, पिढ्यान्‌पिढ्या बांगड्या भरणारे. अम्मा मूळची मलकापूरची. लग्नघरात जाऊन नवरीचा हिरवा चुडा भरते. तिच्या आईनंही हेच केलं. चुडा भरून झाला की नवरी वाकून तिच्या पाया पडते. मराठ्याची असो, जैनाची असो. मुसलमान बाईच्या पाया. याचं कुणी कधी कौतुक केलं नाही आणि कुणाला ते खटकलंही नाही. पद्धत आहे. मी तेच लिहिलं होतं. लग्नघर, घाबरलेली नवरी, आणि तिचा हात दाबत बोलणारी बांगडीवाली: "हात ढिला सोड बाळ. सासरी गेल्यावर आवळायचा तेवढा आवळ."

हे वाक्य अम्माचं आहे. मी फक्त कागदावर आणलं.

सरांनी ते एकदा वाचलं. मग म्हणाले, "आता ऐका." हात कपाळाला नेला, आवाज घोगरा केला. "हाथ ढीला छोड दे, बेटी. अल्ला तेरा सुहाग सलामत रखे."

सगळे हसले. माझ्या शेजारची पाच जणंही हसली. ती पाचही माझ्यासारखीच होती, म्हणून ते जास्त लागलं.

मी म्हटलं, "सर, आमच्यात असं कुणी बोलत नाही."

"नसतील बोलत गं. पण ही कोण आहे ते प्रेक्षकाला कळायला नको?"

"नावावरून कळतंय की."

"नाव एकदा ऐकू येतं. भाषा सारखी ऐकू येते."

सर वाईट माणूस नव्हते. चहा स्वतः ओतून द्यायचे. त्यांचं खरंच असं मत होतं, की ते मला मदत करतायत.

मी एक ओळ बदलली नाही. होता तसा एपिसोड दिला. घरात आम्ही मराठी बोलतो, मध्येच दखनी बोलतो, एकाच वाक्यात दोन्ही बोलतो. सरांनी काढलेला आवाज या दोन्हींतला नव्हता. तो त्यांनी पडद्यावरून शिकलेला होता आणि परत पडद्यावरच पाठवणार होते. हे मी सांगितलं. त्यांनी मान डोलावली. शूटिंगच्या दिवशी निरोप आला, सेटवर गर्दी नको, शिकाऊंनी येऊ नये.

एपिसोड लागणार त्या संध्याकाळी अम्मानं गल्लीतल्या बायका बोलावल्या. पोहे केले. सतरंजी घातली. माझं नाव आलं तेव्हा कुणीतरी टाळी वाजवली. मोठ्या अक्षरात होतं, खाली शोरनर.

मग ती बाई आली. काळा बुरखा, डोळ्यांत सुरमा, हातात जपमाळ. चुडा भरायला जपमाळ घेऊन. तिनं नवरीचा हात धरला आणि सरांचं वाक्य म्हणाली. चुडा भरून झाला. नवरी वाकली नाही. तिनं हात कपाळाला नेला, बाईनंही नेला, मागं सतार वाजली.

शेजारच्या आक्का म्हणाल्या, "ही आणि कोण म्हणायची?"

अम्माच हसून म्हणाली, "मीच हाय की ती."

बायका गेल्या. अम्मा साडीचा पदर सारखा करत उभी राहिली. "मी अशी बोलतो व्हय गं?"

मी सरांना फोन लावला. "शेवटचा शब्द शोरनरचा असतो म्हणाला होतात."

"असतो ना. पण तू अजून शिकतेयस. आणि नाव दिलंय की तुला, केवढं मोठं."

पुढच्या महिन्यात नेसरीला एका लग्नात अम्माबरोबर गेले. या घरातल्या नवरीच्या आईचा चुडाही अम्मानंच भरलेला. पोरगी कोल्हापुरात कॉलेजला. गोड पोरगी. अम्मानं तिचा हात हातात घेतला, तशी ती म्हणाली, "आंटी, जरा धीरे. दर्द होता है."

अम्माचा हात थांबला. "दुखतंय व्हय, बाळ? हात ढिला सोड."

मागनं एक करवली म्हणाली, "अगं, मराठी येतंय की ह्यांना."

नवरीच्या आईनं तिला दटावलं, "गप ए. मावशी हाईत त्या." पण बोलायचं ते बोलून झालं होतं. चुडा भरून झाला. पोरगी उठली, अम्मासमोर उभी राहिली, आणि वाकायच्या ऐवजी हात कपाळाला नेला. टीव्हीत होता तसाच. तिला वाटलं, आपण मान देतोय. तिचा चेहरा इतका खरा होता की तिच्यावर रागही धरता येईना.

अम्मा काय करणार? तिनंही हात कपाळाला नेला.

माझ्या आजीच्या वेळेपासून चालत आलेलं काहीतरी तिथं मोडलं. आणि ते मोडणाऱ्या गोष्टीवर माझं नाव होतं.

येताना एसटीत अम्मा खिडकीकडं तोंड करून बसली. गडहिंग्लज मागं पडल्यावर म्हणाली, "पुढच्या खेपेला तू येऊ नगंस माझ्यासंगं." ती माझ्यावर चिडली नव्हती. मी ते बघू नये, एवढंच तिला वाटत होतं.

प्रशिक्षणाच्या समारोपाच्या आधी चॅनेलमधून एका मॅडमचा फोन आला. "आईंना स्टेजवर आणा ना. आणि जरा तुमच्या पद्धतीचं काहीतरी घालायला सांगा."

"साडीच आमची पद्धत आहे."

"हो, पण फोटोत कळायला पाहिजे ना."

मी एकटी गेले. प्रमाणपत्र घेतलं नाही. माईक घेतला. म्हटलं, "ज्या भागावर माझं नाव आहे, तो मी लिहिलेला नाही. माझं नाव काढा." कुणी टाळी वाजवली नाही. पाचातल्या एकानं मान खाली घातली, बाकीचे मोबाइल बघत होते. खाली उतरल्यावर सर हळूच म्हणाले, "आता तुला कोण काम देणार?"

कुणी दिलेलं नाही. नाव अजून काढलेलं नाही. तो भाग अजून फिरतोय, लोक अजून बघतायत. अम्मा आता लग्नघरात कमी बोलते. तिला परत पूर्वीसारखं बोलतं करणं माझ्या हातात नाही.

पण ऐका. आमच्यातल्यांना शोरनर करतो म्हणणाऱ्यांनी नीट ऐका. आमची घरं तुम्हाला पाहिजेत, आमचे कष्ट पाहिजेत, पाटीवर आमची नावं पाहिजेत, आणि निर्णय मात्र तुमच्या खिशात. याला तुम्ही शिकवणं म्हणता. मी याला चोरी म्हणते.

मी लिहिणं सोडणार नाही. मला शोरनरच व्हायचंय. तुमच्या मेहरबानीनं नाही. करारावर सही करताना पहिली अट माझी असेल: जिच्या घराची गोष्ट, तिला विचारल्याशिवाय तिच्या तोंडातला शब्द बदलायचा नाही. तुम्हीही नाही, मीही नाही. ही अट मान्य होईपर्यंत माझ्या घरातली एक ओळ तुम्हाला मिळणार नाही.