दत्ता गेल्यावर मीठ कोण चाखतं?

भूतबित मी मानत नाही, आधीच सांगतो. सोळा वर्षं भट्टीपुढे काढली... भूत दिसायलाही फुरसत लागते हो! तरी हे लिहितोय.

पौडच्या पुढे, धरणाकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचं हॉटेल. रविवारी बावधन-भूगावच्या गाड्यांची रांग लागते. अकरा ते पाच पाय टेकायला मिळत नाहीत, वर मॅनेजरच्या शिव्या. म्हणून सकाळी दहालाच मी आणि माझा जोडीदार दत्ता कांद्याच्या पोत्यांमागे क्वार्टर उघडायचो. हळूहळू माझी जीभच मेली. मीठ कळेना.

दत्ताही तेवढीच प्यायचा, पण त्याची जीभ शाबूत. मग माझा रस्सा तोच चाखायचा. तळहातावर थेंब घेऊन चाटायचा आणि पळीने कढईच्या काठावर मारायचा. एक ठोका म्हणजे मीठ कमी, दोन म्हणजे बरोबर. मॅनेजरला पत्ता नाही.

"तू नसलास तर माझी नोकरी गेली," मी म्हणायचो.

"मी कुटं जातुया? गप काम कर."

गेल्या पावसाळ्यात त्याला कावीळ झाली. आठ दिवसांत गेला.

त्याच्या तेराव्यानंतरचा रविवार... भर दुपार, बाहेर सगळी टेबलं भरलेली. एवढे दिवस अंदाजाने मीठ टाकून निभावलं होतं. मी मटणाचा रस्सा चाखला. नुसतं गरम पाणी! आता नोकरी गेलीच, म्हटलं. तेवढ्यात कढईवर एक ठोका पडला. पळी माझ्या हातात होती आणि जवळ कोणी नव्हतं. मी मीठ टाकलं... दोन ठोके.

भाकऱ्या थापणाऱ्या शांताबाईंनी दचकून वर पाहिलं. "दत्ता हाय का काय हितं?" म्हणाल्या, आणि तोंडाला पदर लावला.

त्या दिवशी एकही ताट परत आलं नाही. त्यानंतर रोज असंच चाललं. तापलेली कढई वाजते, मान्य. पण तिला मीठ कसं कळतं?

मध्यंतरी बायकोने दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, "दारू सोडा, चव परत येईल. नाही सोडलीत तर फार दिवस नाहीत." बायको अक्षरशः पाया पडली. सोडली मी. पाचव्या दिवशी रश्शाची चव घेतली आणि जिभेला मीठ लागलं — मीच दचकलो. पण त्या दिवशी कढई वाजलीच नाही. दत्ताला जाळून आलो तेव्हाही इतकं एकटं वाटलं नव्हतं.

सहाव्या दिवशी मी परत सुरू केली. बायकोला अजून सांगितलेलं नाही.