भोईर सरांनी थांबवलेलं युद्ध

आमच्या खारबावच्या शाळेच्या स्टाफरूममध्ये तुटके खडू, फाटके नकाशे आणि भोईर सरांचे किस्से साठतच जातात. टाकवत मात्र काहीच नाही!

सर इतिहासाचे. सहामाहीला त्यांनी प्रश्न काढला, 'इंग्लंडने दुसरं महायुद्ध अर्ध्यावर सोडलं असतं तर?' हेडमास्तर वैतागले, "अहो, जे घडलंच नाही त्याला मार्क कसे देणार?"

भोईर सर म्हणाले, "सर, मला तेवढाच भाग पाठ आहे!"

*

या वेडाचं मूळ घरी होतं. सरांची आई पोटात असताना तिचे वडील इंग्रजांच्या पलटणीत भरती होऊन बोटीने त्या युद्धावर गेले. ते आले नाहीत, मेल्याची तारही आली नाही. पितृपक्षात घरातल्या सगळ्या गेलेल्यांचं पान वाढायचे, त्यांचं नाही. कुणी विषय काढलाच तर सरांची म्हातारी आई भडकायची, "तार आली काय? मंग जित्या मानसाचं पान वाढता?"

*

शेवटी आईसाठी सरांनी युद्धच थांबवलं. रोज शाळा सुटली की घरी चहाबरोबर तिला गोष्टीचा पुढचा भाग. इंग्लंडने तह केला, बोट अर्ध्या वाटेतून फिरली, आजोबा घरी आले. एकदा माझ्यासमोर सरांनी त्यांना मुंबईत नोकरी लावली. म्हातारी कडाडली, "आत्ताच तं आलाय, परत कुठं धाडतोस रं?"

सरांनी आजोबांना मुकाट राजीनामा द्यायला लावला!

*

मग गोष्टीत तिचं लग्न आलं. आजोबांनी कन्यादान केलं. "काकानं केलं व्हतं," म्हातारी पुटपुटली. जरा वेळाने तिने विचारलं, "निघताना बापूस काय बोलला मला?"

दुसऱ्या दिवशी सर स्टाफरूममध्ये एकेकाला विचारत होते, "तुम्ही पाठवणीच्या वेळी मुलीला काय सांगितलंत हो?" आम्हाला कुणालाच धड आठवेना. फार वाईट वाटलं त्या दिवशी.

*

यंदा म्हातारीने अंथरूण धरलं. सर्वपित्रीच्या दिवशी आम्ही भेटायला गेलो. गोष्टीतल्या आजोबांनी शंभरी ओलांडली होती, तरी सर त्यांना रोज शेतावर धाडत होते.

म्हातारीने सरांचा हात धरला. "दमला रं माझा बापूस. घरात मरू दे त्याला आता."

सर तिच्याजवळ सरकले. मग म्हणाले, "दुपार होती आई. तू उशाशी होतीस. तुझ्या हातचं पाणी प्याले आणि गेले."

मला रडू आवरेना. म्हातारीने मात्र सगळं नीट ऐकून घेतलं आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून सुनेला हाक मारली, "एक पान जास्त वाढ गो!"