आगबोटीची सहल आणि तात्यामामांचा किनारा

यंदाच्या दिवाळीच्या सुट्टीत कुठे जायचे यावर आमच्या घरी जो वाद झाला, त्यात मी हरले हे आधीच सांगून टाकते. मला सप्तशृंगीला जायचे होते. आमच्या ह्यांना आगबोटीत बसायचे होते. हे नाशकातल्या एका शाळेत इंग्रजी शिकवतात, त्यामुळे छापलेल्या कागदावर त्यांचा फार विश्वास. कोणीतरी मुंबईहून आगबोटीचे पत्रक आणून दिले होते. त्यावर लिहिले होते, ‘मुंबई ते पणजी आणि परत. हा प्रवास नव्हे, सहल आहे!’

मी म्हटले, “पणजीला आपलं काय काम आहे?”

“काही नाही. काम नसताना जायचं, तीच तर गंमत.”

आता बघा, माझ्या माहेरी शेजारी एक कोकणातले कुटुंब राहायचे. ती माणसे दर वर्षी बोटीने गावी जात, कारण दुसरा रस्ताच सोयीचा नव्हता. आठवडाभर आधीपासून लिंबे, आवळासुपारी आणि नवस यांची तयारी चाले, आणि परत आली की बोटीला शिव्या घालण्यात पुढचा महिना जाई. तीच बोट, तोच समुद्र. पण आता त्याला सहल म्हणायचे आणि जिथून निघालो तिथेच परत येण्याचे जास्त भाडे द्यायचे. काळ पुढे गेला म्हणतात तो हा असा.

आमचे ठरते आहे तोच तात्यामामा आले. तात्यामामा म्हणजे माझ्या आईचे भाऊ, नाशकात गंगेवर उपाध्ये आहेत. (परगावच्या वाचकांसाठी सांगते, आम्ही नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो.) त्यांचे मुख्य काम प्रायश्चित्ताचे. कोणी विलायतेला, आफ्रिकेला, रंगूनला जाऊन आला की समुद्र ओलांडल्याचा दोष लागतो, तो तात्यामामा गंगेत धुऊन देतात. पूर्वी या कामातून सवड मिळत नसे. हल्ली विलायतेहून आलेली मुले थेट घरी जाऊन चहा पितात. एखाद्याची आई हट्टाला पेटली तरच तो गंगेवर येतो, तोही घड्याळाकडे बघत.

“मी पण येतो,” तात्यामामा म्हणाले.

आम्ही दोघे त्यांच्याकडे बघतच राहिलो. साठी उलटलेल्या या माणसाने समुद्र कधी पाहिला नव्हता.

“जन्मभर ज्याचं प्रायश्चित्त देतोय, ती वस्तू आहे तरी कशी, ते एकदा बघायला नको का?”

दुसऱ्या दिवशी गंगेवर चर्चेला तोंड फुटले. तात्यामामांच्या शेजारीच बापूशास्त्र्यांचा पाट असतो. दोघांचा धंदा एक, मुंज एका मांडवात झालेली, आणि तेव्हापासून आजतागायत एकमेकांचे एकही म्हणणे त्यांना पटलेले नाही. बापूशास्त्री म्हणाले, “उपाध्याच समुद्रावर गेला तर यजमानांनी कोणाकडे बघायचं?” तात्यामामा म्हणाले, “किनाऱ्याकडेनं जायचं म्हणजे ओलांडणं नव्हे.” पोथ्या निघाल्या, आवाज चढले, कपडे धुणाऱ्या बायका हातातले काम टाकून ऐकू लागल्या. शेवटी निकाल लागला. बोटीतून किनारा दिसत राहिला तर दोष नाही. किनारा नजरेआड झाला तर मात्र प्रायश्चित्त, तेही बापूशास्त्र्यांच्या हातून आणि चारचौघांत. न घेतल्यास तात्यामामांचा पाट गंगेवरून उठला असे समजायचे. तो पाट त्यांच्या आजोबांपासून तिथे होता. त्यावर बसण्याखेरीज त्यांना दुसरे काही येतही नाही.

“दिसत राहील हो,” आमचे हे पत्रक फडकावत म्हणाले. “पूर्ण वाट किनाऱ्याकडेनंच आहे.”

टांग्याने नाशिक रोड गाठले. मुंबईच्या गाडीत बसणाऱ्यांना एक सूचना करते. इगतपुरीला वाफेचे इंजिन काढून विजेचे लावतात, तेवढ्या वेळात चहा होतो. पण घोट घेत रमू नका, कारण विजेचे इंजिन कोणासाठी थांबत नाही. तात्यामामांनी चहाला नकार दिला. त्यांच्याजवळ दुधात भिजवलेल्या दशम्या, लाडवांचा डबा आणि गंगेच्या पाण्याची तांब्याची कळशी होती. ती कळशी त्यांनी मुंबईपर्यंत मांडीवरून उतरवली नाही.

रात्र गिरगावात नातेवाइकांकडे काढून सकाळी भाऊच्या धक्क्यावर गेलो. बोटीत दोन जगे होती. खाली कोकणात घरी निघालेली माणसे, त्यांची गाठोडी, पडवळे, रडणारी पोरे. वर आम्ही सहलवाले. आमच्यासाठी कापडी खुर्च्या, ग्रामोफोन, आणि दोरीची कडी खुंटीवर फेकण्याचा एक खेळ. हा खेळ साहेबलोक बोटीवर खेळतात म्हणून आपणही खेळायचा. सोला हॅट घातलेले एक वकील तो इतक्या गंभीर चेहऱ्याने खेळत होते, की मला वाटले, कडी चुकली तर अपील करतील. आमची व्यवस्था बघायला कंपनीचा एक साहेब होता. टोपीने साहेब, बोलण्याने गिरगावकर.

बोट हलली आणि तासाभरात निम्म्या सहलीला बोट लागली. पत्रकात ‘समुद्राच्या हवेने भूक वाढते’ असे छापले होते. आमचे हे कठड्याला धरून उभे होते आणि पत्रकाचे नाव काढू देत नव्हते. बेत करणाऱ्यांनी लिंबू आणि आले जवळ ठेवावे. पावसाळ्यात या बोटी बंदच असतात, तेव्हा दिवाळीच्या सुमारासच निघावे. खालच्या वर्गाचे भाडे परवडते, वरच्या वर्गात मात्र खुर्चीवर बसण्याचेही वेगळे पैसे घेतात.

तात्यामामांना काहीही झाले नाही. ते पूर्वेकडे तोंड करून बसले होते आणि किनाऱ्यावरची नजर हलवत नव्हते. जेवतानाही दशमी चाचपडून तोंडात घालायचे.

त्यांच्या शेजारी मालेगावचे एक हाजीसाहेब येऊन बसले. कापडाचे व्यापारी, पांढरी दाढी. नाशिक जिल्ह्यातले म्हटल्यावर ओळख निघायला वेळ लागला नाही.

“पंडितजी, एवढं काय बघता तिकडे? किनारा कुठं पळून जातो काय?”

“पळाला तर माझी पंचाईत आहे,” तात्यामामा म्हणाले आणि सगळी हकिकत सांगितली.

हाजीसाहेब पोट धरून हसले. मग म्हणाले, “मी जवान होतो, तेव्हा अब्बाबरोबर हजला गेलो. चूल, लाकडं, तांदूळ, सगळं घरनं नेलं. कफनपण नेलं, बेटी. कोण परत येईल, अल्लालाच मालूम. तेव्हा दूरनं जमीन दिसली, की लोक खुशीनं रडायचे. आणि आता बघा, हे लोक बाजा घेऊन आले.”

“मग तुम्ही का आलात या सहलीला?” मी विचारले.

“दर्या बघायला. त्या वेळेला भीतीनं बघितलाच नाही नीट.”

रत्नागिरीला बोट लांबच उभी राहते आणि उतारू छोट्या पडावांतून किनाऱ्याला जातात. आम्हाला उतरायचे नव्हते, म्हणून उतरणाऱ्यांची त्रेधा वरून बघणे हाच कार्यक्रम झाला. सोला हॅटवाल्यांनी त्याचा फोटोही काढला. पणजीत पोर्तुगीजांचे राज्य, त्यामुळे सामान फार तपासतात. तात्यामामांची कळशी उघडायला लावली, तेव्हा त्यांनी शिपायाच्या डोक्यावर मंत्र म्हणून थोडे गंगाजल शिंपडले. तो बिचारा पाऊस आला म्हणून वर बघू लागला. गाव सुरेख आहे, रस्ते स्वच्छ आहेत, मासे न खाणाऱ्यांनी जेवणाची आशा ठेवू नये.

पणजीपर्यंत किनारा शहाण्यासारखा वागला. परत निघालो त्या दिवशी चहाच्या वेळी गिरगावकर साहेब वर आला आणि टाळ्या वाजवून म्हणाला, “सभ्य स्त्रीपुरुषहो, आता आपल्या सहलीचं खास आकर्षण! आपण खोल समुद्रात जाणार आहोत. चोहीकडे कुठंही जमीन दिसणार नाही! त्यानंतर लेमोनेड.”

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तात्यामामांच्या हातातला लाडू खाली पडला.

“अहो, हे पत्रकात नव्हतं,” मी ह्यांना म्हटले.

“म्हणूनच तर खास,” हे म्हणाले, पण चेहरा पडला होता.

ह्यांनी धावत जाऊन साहेबाला विनवले. साहेब म्हणाला, एका माणसासाठी बोट वळवता येत नाही, लोकांनी जमीन न दिसण्याचे पैसे भरले आहेत. मी तात्यामामांना खाली जाऊन डोळे मिटून पडायला सांगितले. हाजीसाहेबही म्हणाले, “जा पंडितजी, किनारा आला की मी हाक मारतो. कोणाला कळणार?”

“गंगेला कळेल,” तात्यामामा म्हणाले आणि जागचे हलले नाहीत.

किनाऱ्याची झाडे गेली. मग नुसती रेघ राहिली. “दिसतोय, दिसतोय अजून,” ते पुटपुटत होते. ह्यांनी कोणाची तरी दुर्बीण मागून आणली. दुर्बिणीतून दिसलेला किनारा धर्माला चालतो की नाही, यावर नाशकात पुढे सहा महिने वाद होऊ शकला असता. पण थोड्या वेळाने दुर्बिणीतही काही उरले नाही.

तात्यामामांनी दुर्बीण खाली ठेवली. मला वाटले, आता यांना घेरी येते की काय. मी हात धरायला पुढे झाले. ते हळूच उठले आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच पूर्वेकडे पाठ करून उभे राहिले. मग उत्तरेकडे, पूर्वेकडे, दक्षिणेकडे, अगदी प्रदक्षिणा घातल्यासारखे सावकाश वळत गेले.

“अगं, चारी बाजूंनी सारखाच गं!” ते म्हणाले आणि लहान मुलासारखे हसले.

बाकीच्या सहलीचे खोल समुद्राने लवकरच समाधान झाले. बघायला काही नाही अशी कुरकुर सुरू झाली आणि सगळे लेमोनेडकडे वळले. ग्रामोफोन लागला. कठड्याशी तात्यामामा आणि हाजीसाहेब एवढेच राहिले, आणि मी.

“किती माणसं माझ्यापुढे गंगेत उभी राहिली,” तात्यामामा म्हणाले. “गोत्र विचारलं, नक्षत्र विचारलं. काय पाहिलंत म्हणून एकालाही विचारलं नाही मी.”

किनाऱ्याची रेघ पुन्हा दिसू लागली तेव्हा सगळ्या बोटीत नाराज झालेला एकमेव माणूस नाशिकच्या गंगेवरचा उपाध्या होता.

घरी आल्यावर आम्ही गप्प बसणार होतो. तात्यामामांनीच दुसऱ्या दिवशी सकाळी पाटावर बसता बसता बापूशास्त्र्यांना सांगितले, “गेला रे किनारा.”

प्रायश्चित्ताला एवढी गर्दी गंगेवर बऱ्याच वर्षांत झाली नव्हती. इतकी वर्षे पायरीवर बसणारे तात्यामामा कमरेइतक्या पाण्यात उभे होते आणि बापूशास्त्री पायरीवर. संस्कृत सगळे यथासांग झाले. पण आमच्याकडे शेवटी चारचौघांना कळेल असे मराठीत म्हणावे लागते, ‘केल्या कर्माचा मला पश्चात्ताप झाला आहे.’ ते मोठ्याने म्हटल्याशिवाय पुढे काही होत नाही.

“म्हण,” बापूशास्त्री म्हणाले.

तात्यामामांनी ओंजळीतले पाणी सोडून दिले.

“तात्या, म्हण. लोक बघताहेत.”

“बापू, तेवढं सोडून पुढचं घे.”

मी सगळ्यात खालच्या पायरीवर कोरडे धोतर घेऊन उभी होते, म्हणून मला ऐकू आले. न म्हणावे तर पाट जातो, आणि पाट गेला तर या वयात ते कुठे जाणार?

बापूशास्त्री खाली वाकले. “का रे?”

“झालेला नाही. गंगेत उभं राहून खोटं कसं बोलू? त्याचं प्रायश्चित्त वेगळं घ्यावं लागेल.”

बापूशास्त्र्यांनी एकदा गर्दीकडे बघितले, एकदा शेजारच्या त्या झिजलेल्या पाटाकडे. मग त्यांनी तात्यामामांच्या डोक्यावर हात ठेवला आणि खसकन त्यांना पाण्यात दाबले. आणि तात्यामामा पाण्याखाली असतानाच गर्दीकडे वळून खणखणीत आवाजात म्हणाले, “म्हणाला! मी स्वतः ऐकलं!”

पाट आहे तिथेच आहे. ह्यांनी ते पत्रक फाडून टाकले आणि पुढच्या वर्षी सप्तशृंगीला जायचे कबूल केले आहे. सहलीला जावे की नाही असे कोणी विचारले तर मी अजूनही लिंबू आणि आलेच आठवते. पण आता कोणी परदेशाहून येऊन गंगेवर उभा राहिला, की तात्यामामा गोत्राच्या आधी विचारतात, “बसा. काय काय पाहिलंत?” माणूस सांगायला लागतो. प्रायश्चित्ताचा मुहूर्त टळतो, बरोबर आलेली आई खोळंबते. आणि बापूशास्त्री आपला पाट सरकवत सरकवत जवळ येऊन बसतात.