रंगात अडकलेली पिन

लिफ्ट दुरुस्त करण्यात उभा जन्म गेलेला माणूस भित्रा असला तर त्यात लाज कसली? तो धीट असता तर आपणच जिने चढलो असतो. कामावर सगळे त्याला 'पुन्हा एकदा' म्हणत. दोर तपासून झाला तरी तो म्हणायचा, "थांबा, पुन्हा एकदा बघतो."

निवृत्तीनंतर अशा माणसाने पत्ते खेळावेत. याने वाफेचं इंजिन करायला घेतलं. खाणीतले दगड ओढणाऱ्या नॅरोगेज इंजिनाची हुबेहूब प्रतिकृती, कमरेएवढी उंच, खऱ्या कोळशावर चालणारी. मोटार कायमची रस्त्यावर आली आणि गॅरेजात लेथ मशीन बसलं. बायको म्हणायची, "सवत परवडली असती. तिला ग्रीस तरी लागलं नसतं."

बॉयलरची मात्र त्याला धडकीच भरायची. आगीच्या डोक्यावरचा पत्रा सतत पाण्याखाली हवा. तो उघडा पडला की तापून लाल होतो, मऊ पडतो आणि वाफ त्याला फाडून बाहेर येते. म्हणून पाण्याची पातळी दाखवणाऱ्या काचनळीच्या आट्यांवर त्याने पांढऱ्या टेपचे चार वेढे जास्तच दिले, गळायला नको. शिवाय आगीखाली एक पिन बसवली. ती ओढली की कोळशाखालची जाळी पडून सगळा विस्तव रुळांमध्ये. मग इंजिनाला झकास हिरवा रंग दिला. हौसेच्या भरात पिनलाही दिला.

पहिल्या फेरीला मैदानात टाकलेल्या छोट्या रुळांवर तो पुढे बसला आणि मागच्या छोट्या डब्यात बायको. "इतकी वर्षं गॅरेज अडवलंत, पहिली फेरी माझीच," असं तिने बजावलंच होतं.

इंजिन निघालं. बायकोने टाळ्या वाजवल्या. रुळांचे सांधे खडखडू लागले तशी त्याची नजर काचनळीवर गेली. अर्धी भरलेली होती. पण इंजिन एवढं हादरतंय आणि आतलं पाणी हलत कसं नाही?

ब्रेक लावून त्याने नळीखालची तोटी उघडली. पाणी भसकन गेलं आणि तोटी बंद केल्यावर परत चढलंच नाही. म्हणजे इतका वेळ दिसत होतं ते नळीतच अडकलेलं पाणी. बॉयलरमध्ये किती उरलंय, देव जाणे.

हात आपोआप बॉयलरमध्ये पाणी भरायच्या पंपाकडे गेला. तो त्याने झटक्यात मागे घेतला. पत्रा लाल झाला असेल तर त्यावर गार पाणी म्हणजे खेळ खलास.

"उतर," तो म्हणाला.

"का हो? पुन्हा एकदा बघायचंय?" ती हसली.

"उतर म्हणतो ना! त्या भिंतीमागे जा!"

तिने त्याचा चेहरा पाहिला आणि निघाली. पण गुडघे कसले पळू देतात तिला?

त्याने पिन ओढली. हलेना. रंग वाळून ती घट्ट बसली होती. पळावंसं वाटलं, फार वाटलं. पण मागे पाहिलं तर ती अजून अर्ध्या वाटेतच होती, गुडघ्यावर हात ठेवून. त्याने पाना उचलला आणि तो पिनवर घाव घालत सुटला. अखेर रंगाचा कपचा उडाला, पिन निघाली, निखारे धाडकन खाली पडले. मग तोही भिंतीकडे धावला.

सगळं निवल्यावर बॉयलरचं झाकण काढून त्याने आत तार घातली. पत्र्याला टेकलेलं टोक जेमतेम ओलं झालं. काचनळीकडे येणाऱ्या पाण्याच्या वाटेत पांढऱ्या टेपचा तुकडा अडकला होता, त्याच जास्तीच्या वेढ्यांतला. तो तिथेच बसून रडला. "मी तुला मारलं असतं गं."

त्याने इंजिनावर ताडपत्री टाकली ती टाकलीच. शेवटी एका सकाळी बायकोनेच ती ओढून काढली. त्याने नळी साफ केली, पिनचा रंग खरवडला. मैदानात तो आग पेटवतोय तोवर ही डब्यात बसलेली.

"तू नको बसूस. मला भीती वाटते."

"म्हणून तर बसलेय," ती म्हणाली. "वाटेनाशी झाली की सांगा. त्या दिवशी उतरेन."